नाइलाज आणि निवड

‘पूर्वी घरातली माणसे एकत्र बसत. आता जो तो आपापल्या मोबाइलमध्ये डोके घालून बसतो,’ ही तक्रार आपण सारेच करतो. ती खोटी नाही. पण पूर्वीच्या एकत्र बसण्यात आपला चांगुलपणा किती होता आणि नाइलाज किती, हेही पाहायला हवे.

१९५२ साली रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. बुधवारी रात्री शेजारीपाजारी एका रेडिओभोवती जमत, कारण रेडिओ महाग होता आणि त्याच्या परवान्याचे पैसेही पोस्टात भरावे लागत. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईत दूरदर्शन आले. १९८७-८८ मध्ये रविवारी सकाळी ‘रामायण’ लागले की टीव्ही असलेल्या घराच्या दारात चपलांचा ढीग पडे. टीव्ही एकच, म्हणून आजोबांच्या बातम्या मुलांनाही ऐकाव्या लागत. एसटीडी बूथबाहेर आपण रात्रीचे अकरा वाजण्याची वाट पाहायचो, कारण त्यानंतर दर पाव होई. तारेचे पैसे शब्दांवर, म्हणून मोजकेच लिहायचो.

पुढे सारे बदलले. ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसू यांनी सुखराम यांना फोन केला, तो देशातला पहिला मोबाइल कॉल. तेव्हा आलेल्या फोनलाही पैसे पडत. २००३ मध्ये ते थांबले. जुलै २०१३ मध्ये तार बंद झाली. आज आखातातल्या मुलाचा चेहरा आई रोज पाहू शकते. हे सुख लहान नाही, आणि जुन्या दिवसांच्या आठवणीत ते विसरणे बरोबर नाही.

मग हरवले काय? आपला संयम बराचसा खिशाने शिकवलेला होता. तरी त्या सक्तीतून थांबण्याची, दुसऱ्याला वाव देण्याची सवय लागली, हे मान्य करायला हवे. आज ती सक्ती उरलेली नाही. एकाच खोलीत चौघे चार गोष्टी पाहू शकतात, आणि कोपऱ्यात बसलेल्या आजीशी कोणी बोलले नाही तरी कोणाचे काही अडत नाही.

म्हणूनच आज मोबाइल बाजूला ठेवून आजीजवळ बसण्याला पूर्वीपेक्षा अधिक मोल आहे. तिची तीच गोष्ट आपण पाचव्यांदा ऐकतो, तेव्हा तिला ठाऊक असते की आपल्याला उठून जाता आले असते, आणि तरी आपण बसलो आहोत. ज्याला दुसरी वाटच नव्हती, त्याचे बसणे तिला एवढे सांगू शकत नव्हते.

मुलांना मोबाइलवरून रागावण्याआधी मोठ्यांनी आपला मोबाइल कुठे आहे ते पाहावे. आज रात्री जेवताना तो दुसऱ्या खोलीत ठेवून पाहूया. पहिली पाच मिनिटे कोणाला काही सुचणार नाही. मग कोणीतरी बोलू लागेल.