दिव्य दृष्टी आणि सर्वांसाठी उघडी दुर्बीण



आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय ११, श्लोक ८

अर्जुनाला विश्वरूप पाहायचंय. भगवंत सांगतात, तुझ्या या डोळ्यांना ते दिसायचं नाही, म्हणून मी तुला दिव्य दृष्टी देतो. म्हणजे अर्जुनाने ती कमावली नाही, त्याला ती मिळाली.

हा श्लोक वाचला की मला लॉस एंजेलिसची ग्रिफिथ वेधशाळा आठवते. तुमच्यातले जे तिकडे शिकायला-नोकरीला आहेत, त्यांनी पाहिलीही असेल. ग्रिफिथ पार्कमध्ये, डोंगरावर. खाली सगळं शहर पसरलेलं. मे १९३५ मध्ये ती लोकांसाठी उघडली. आत जायला तिकीट नाही. गच्चीवरच्या घुमटात १२ इंची झाइस दुर्बीण आहे. आकाश निरभ्र असलं की रात्री कुणीही रांगेत उभं राहावं आणि पाळी आली की चंद्रावरची विवरं नाहीतर शनीची कडी बघावी. ही दुर्बीण आहेच रांगेतल्या साध्या माणसासाठी.

आता देणारा बघा. ग्रिफिथ जे. ग्रिफिथ, खाणींच्या धंद्यात श्रीमंत झालेला. १८९६ मध्ये त्याने ३,००० एकरांहून जास्त जमीन शहराला बागेसाठी दिली. आणि याच माणसाने १९०३ मध्ये स्वतःच्या बायकोवर गोळी झाडली. ती वाचली, पण तिचा एक डोळा गेला. तो जवळपास दोन वर्षं तुरुंगात होता.

पुढे माउंट विल्सनवरच्या ६० इंची दुर्बिणीतून त्याने आकाश पाहिलं आणि हे प्रत्येकाला दिसलं पाहिजे, असा ध्यास घेतला. १९१२ मध्ये वेधशाळेसाठी १ लाख डॉलर देऊ केले. पण अशा माणसाचं दान घ्यायचं कसं, म्हणून विरोध झाला आणि काम अडलं. मग त्याने मृत्युपत्रात पैसे ठेवले. १९१९ मध्ये तो गेला. वेधशाळा उघडली ती १६ वर्षांनी.

मग दानाने पाप फिटलं का? नाही. तिचा डोळा परत आला नाही. हिशोब असा जुळत नसतो. गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंत म्हणतात की दुराचारी माणूसही अनन्यभावाने माझ्याकडे वळला तर त्याला साधूच मानावं, कारण त्याचा निश्चय योग्य आहे. पण मागचं कृत्य झालंच नाही, असं ते म्हणत नाहीत. ग्रिफिथच्या मनाचा निवाडा करणं आपलं काम नाही. आपण आपल्याकडे बघू.

आपण दोन टोकांना जातो. एकतर 'कुठल्या तोंडाने देवापुढे उभा राहू?' म्हणत नामच सोडतो. नाहीतर देणगीची पावती फाडून मोकळे होतो. दोन्हीकडे, ज्याला दुखावलं तो माणूस बाजूलाच राहतो! दिव्य दृष्टी म्हणजे आधी तो माणूस दिसणं. त्याचं ऋण मान्य करायचं, आणि तरीही हातून होईल ते चांगलं करत राहायचं. फळ आपल्या डोळ्यांना दिसो, न दिसो.

आजचा अभ्यास : नामस्मरणानंतर, आपण दुखावलेल्या एका व्यक्तीला फोन करा. सबबी नकोत. त्यांनी माफ केलंच पाहिजे, ही अपेक्षाही नको.

राम कृष्ण हरी!