पन्नास झाल्या, आता पुढचा

जानेवारी २०१६ मध्ये कल्याणला शालेय स्पर्धेच्या एका सामन्यात प्रणव धनावडे या पंधरा वर्षांच्या मुलानं ३२७ चेंडूंत नाबाद १००९ धावा केल्या. कौतुक झालं आणि ते व्हायलाच हवं होतं. दोन दिवस उन्हात उभं राहून खेळत राहणं सोपं नसतं. पण त्या सामन्याची दुसरी बाजू आपण फारशी सांगत नाही. त्याच्या शाळेनं ३ बाद १४६५ वर डाव सोडला आणि समोरच्या संघाचे दोन डाव ३१ आणि ५२ धावांत आटोपले. त्या संघाचे नेहमीचे मोठे खेळाडू आलेच नव्हते, बारकी पोरं उतरवली होती, असं तेव्हा छापून आलं होतं. ती पोरं दोन दिवस सीमारेषेपलीकडचे चेंडू गोळा करत होती.

मग अशा मुलाला थांबवायचं का? एका प्रकारे थांबवलेलं मला मुळीच पटत नाही. २००८ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हेवन गावात बेसबॉल खेळणाऱ्या नऊ वर्षांच्या एका मुलाला आयोजकांनी सांगितलं, तू चेंडू टाकू नकोस, तुझा वेग फार आहे. त्याचा चेंडू तोवर कुणाला लागलाही नव्हता, असं त्याच्या प्रशिक्षकाचं म्हणणं होतं. पोराची चूक काय, तर तो चांगला खेळतो. हंगाम सुरू झाल्यावर एका मुलाकडे बोट दाखवून काढलेला हुकूम म्हणजे नियम नव्हे. समोरच्या मुलांचे पालक कुरकुरले म्हणून केलेली ती सोय असते, आणि नऊ वर्षांच्या मुलालाही ते कळतं.

हंगामाआधीच सगळ्यांना सांगून ठेवलेली मर्यादा ही मात्र वेगळी गोष्ट. ऑस्ट्रेलियात, इंग्लंडात लहान वयोगटांच्या क्रिकेटमध्ये बऱ्याच ठिकाणी ठरावीक धावा झाल्या की फलंदाजानं निवृत्त व्हायचं असतं. बाकीचे खेळून झाले, तर तो पुन्हा येऊ शकतो. वेगवान गोलंदाजी करणाऱ्या मुलांना तर वयाप्रमाणे षटकं मोजून मिळतात. गंमत अशी की गोलंदाजाच्या मर्यादेवर कुणी हरकत घेत नाही, पोराची पाठ जाईल हे पटतं. फलंदाजाला थांबवा म्हटलं की लगेच अन्याय होतो. पाठ दिसते, पॅड बांधून ताटकळणाऱ्याचं काय जातं, ते दिसत नाही.

आणि ताटकळणारा म्हटला की मुंबईकराला एकच नाव आठवतं. फेब्रुवारी १९८८, शालेय हॅरिस शील्ड स्पर्धा, आझाद मैदान. सचिन आणि विनोद कांबळीनं ६६४ धावांची भागी केली आणि पुढच्या क्रमांकावरचा अमोल मुझुमदार पॅड बांधून बसूनच राहिला. डाव सोडा म्हणून बाहेरून इशारे होत होते, या दोघांनी तिकडे बघायचंच टाळलं. हा किस्सा आपण इतक्या मौजेनं सांगतो, कारण अमोलचं पुढे नाव झालं: रणजी पदार्पणात २६०, आणि २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघाचा प्रशिक्षक. १९८८च्या त्या शाळेच्या संघातला सातव्या क्रमांकाचा फलंदाज कोण होता, हे किती जणांना सांगता येईल? त्यानं तर पॅडही बांधले नसतील. लहानपणी खेळ सोडून देणारी मुलं बहुतेक याच क्रमांकावरची असतात, असा माझा अंदाज आहे.

यावर ठरलेला प्रश्न येतो: असे नियम असते, तर सचिन झाला असता का? झाला असता, असं मला वाटतं. आचरेकर सरांनी त्याला घडवलं ते शिवाजी पार्कच्या नेटमध्ये, यष्टीवर रुपया ठेवून, दमलेल्या पोरासमोर एकामागून एक ताजे गोलंदाज आणून. एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर, आपल्याहून थोरांत खेळायला नेऊन. चांगल्या मुलाला खाली दाबायचं नसतं, एक इयत्ता वर ढकलायचं असतं. ज्याला अजून चेंडू सरळ टाकता येत नाही, त्याच्यावर पाचशेवी धाव काढून तो काय शिकणार? प्रणवला मुंबई क्रिकेट संघटनेनं महिना दहा हजारांची शिष्यवृत्ती दिली, आणि दीड वर्षात त्याच्या वडिलांनीच ती बंद करा म्हणून कळवलं. खेळ मनासारखा होत नव्हता. चार आकडी धावसंख्येचं ओझं त्यानं त्या वयात का वाहावं?

आणि समोरच्या संघाचं काय? २०१९ मध्ये याच हॅरिस शील्डमध्ये अंधेरीच्या एका शाळेचा अख्खा संघ सात धावांत बाद झाला. दहाही फलंदाज शून्यावर, सातही धावा अवांतर. पराभव ७५४ धावांनी. दोन दिवस लोक हसले, पुढच्या हंगामाचं वेळापत्रक लागलं.

सामना बरोबरीचा ठेवणं गल्लीतल्या पोरांना आपल्याहून बरं जमतं. दोन तगडे एका बाजूला आले की ती आपणहून डाव मोडतात, पुन्हा संघ पाडतात. धाकट्याला लिंबूटिंबू म्हणून घेतात, पण घेतात. कारण एकतर्फी खेळात त्यांनाच कंटाळा येतो, आणि तिथं गुणफलक सांभाळणारा मोठा माणूस नसतो.

शाळेच्या स्पर्धेत ‘पन्नास झाल्या की परत’ असा नियम आणायचा म्हटला, तर पहिला विरोध पालकांचा होईल. तो खोटाही नसेल. पन्नासवर परतलेल्या मुलाचं नाव पेपरात येत नाही आणि निवडीच्या वेळी कात्रण दाखवावं लागतं. तेव्हा नियमाचा खरा जाच निवड समितीला व्हायचा. आकडा सगळ्यांचा सारखाच, म्हणजे मैदानावर येऊन बसावं लागणार, आणि त्या पन्नास कुठल्या गोलंदाजीवर निघाल्या तेही बघावं लागणार.