कायम झाल्यानंतर

देवरूखच्या पंचक्रोशीत कबड्डीपटूचं भलं झालं म्हणजे काय, हे बराच काळ ठरलेलं होतं. पोरगा मुंबईला गेला, कंपनीच्या नाहीतर बँकेच्या संघात लागला, कायम झाला. पुढं गुडघा गेला तरी पगार शाबूत. खेळ संपल्यावरच्या आयुष्याचा आपला विचार पोटापाशी थांबत असे.

त्याला हसू नये. पैलवान खाशाबा जाधवांना १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकला जाता यावं म्हणून प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकलं. कांस्यपदक घेऊन परतलेल्या खाशाबांनी ते पैसे फेडायला कुस्त्या भरवल्या. १९५५ मध्ये ते पोलिसात फौजदार झाले, पुढच्या ऑलिंपिकआधी गुडघ्यानं दगा दिला आणि अर्जुन पुरस्कार आला तो मृत्यूनंतर. जिथं भाकरीचीच ही तऱ्हा, तिथं मनाची विचारपूस कोण करणार?

ती परदेशात सुरू झाली, तीही जरा भडकपणे. मरणाला सामोरं जाणाऱ्या माणसांबद्दल एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये जे मांडलं, ते पुढं काही अभ्यासकांनी खेळाडूंच्या निवृत्तीला लावलं. निवृत्ती हा जणू सामाजिक मृत्यू. पण कित्येक खेळाडू तर सुटल्यासारखे हसत बाहेर पडत होते! १९८१ मध्ये नॅन्सी श्लॉसबर्ग यांनी आयुष्यातल्या कुठल्याही स्थित्यंतराकडे पाहताना माणसाची परिस्थिती आणि त्याचा आधार यांवर बोट ठेवलं. १९९३ मध्ये ब्रिटन ब्रूअर आणि सहकाऱ्यांनी विचारलं, की ‘मी कोण’ याच्या उत्तरात खेळानं किती जागा व्यापली आहे? मला हे वळण सगळ्यात मोलाचं वाटतं. निरोपाच्या दिवसाचा प्रश्न त्यामुळं सोळाव्या वर्षापर्यंत मागं सरकला. नेमबाज अभिनव बिंद्रा बीजिंगच्या सुवर्णानंतर आलेल्या पोकळीबद्दल उघड बोलला आहे. म्हणजे यशही त्या प्रश्नातून सोडवत नाही.

देवरूखकडं असा आधार आहे, असं म्हणायचा मोह होतो. शिमग्याची पालखी, गणपती, भातलावणी, भावकी. इथं माणूस नुसता चढाईपटू राहत नाही. पण गावाची दुसरी बाजूही आहे. पन्नाशीच्या माणसाची ओळख लाऊडस्पीकरवर ‘एकेकाळचा पट्टीचा चढाईपटू’ अशीच करून दिली जाते. मधली पंचवीस वर्षं त्यानं काय केलं, हे निवेदकाला ठाऊक नसतं आणि तो विचारतही नाही.

त्यात २०१४ पासून प्रो कबड्डी आली. विशीतल्या पोराची बोली लागताना घरचे टीव्हीवर पाहतात. त्या स्वप्नापायी पोरं लवकर घर सोडतात आणि पालखी-लावणीही मागं पडते.

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०१९ मध्ये खेळाडूंच्या मानसिक आरोग्यावर सविस्तर निवेदन काढलं, मानसिक आरोग्यासाठीच्या ‘टेली-मानस’ मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांकही आता हाताशी आहे. तरी माझा रोख शाळा-कॉलेजांवर आहे. दहावी-बारावीला क्रीडागुण द्यावेत, जरूर द्यावेत. पण ‘खेळाडू आहे, चालायचंच’ म्हणत आपण त्याचे तास, प्रयोगवह्या, स्नेहसंमेलनातलं काम सगळं माफ करत जातो, तेव्हा खेळाबाहेरचा तो पोरगा आपणच एकेका सवलतीनं खोडत असतो.