तारा जुळवताना

१ ऑगस्ट १९७१. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पंडित रविशंकर सतार घेऊन बसले होते. शेजारी उस्ताद अली अकबर खाँ यांचा सरोद, उस्ताद अल्लारखाँ यांचा तबला आणि कमला चक्रवर्ती यांचा तानपुरा. मिनिट-दीड मिनिट वाद्ये जुळवणे चालले आणि थांबले. त्यासरशी सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. श्रोत्यांना ते वादनच वाटले होते. पंडितजींनी आभार मानले आणि हसून म्हटले, की तारा जुळवणे तुम्हाला इतके आवडले, तर वादन त्याहून अधिक आवडेल अशी आशा आहे.

हा किस्सा लोक गंमत म्हणून सांगतात. मला मात्र तो अस्वस्थ करतो. दुसऱ्याच्या दुःखाबाबत आपलेही अनेकदा असेच होते, असे वाटत राहते.

त्या मैफलीमागचे दुःख फार मोठे होते. नोव्हेंबर १९७० मध्ये पूर्व पाकिस्तानला चक्रीवादळाने झोडपले. २५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी लष्कर आपल्याच नागरिकांवर तुटून पडले. सीमा ओलांडून भारतात आलेल्या निर्वासितांची संख्या वर्षअखेरपर्यंत एक कोटीच्या घरात गेली. रविशंकर आणि अली अकबर खाँ या दोघांच्याही घराण्यांची मुळे त्याच मातीतली. मदतीसाठी पंचवीसेक हजार डॉलर उभे राहिले तरी पुरे, असा विचार करून पंडितजींनी हे दुःख आपले शिष्य आणि मित्र, ‘बीटल्स’चे जॉर्ज हॅरिसन यांच्यापुढे मांडले. हॅरिसन यांनी काही आठवड्यांत बॉब डिलन, एरिक क्लॅप्टन, रिंगो स्टार यांना गोळा केले. एकाच दिवशी दोन कार्यक्रम झाले आणि सुमारे चाळीस हजार लोकांनी ते ऐकले.

या कार्यक्रमाच्या नावातच ‘बांगला देश’ होते. जगाच्या नकाशावर तेव्हा या नावाचा देश नव्हता. भारताने त्याला मान्यता दिली ती ६ डिसेंबरला, आणि अमेरिकेने त्यानंतर आणखी चार महिन्यांनी. त्या वेळी अमेरिकी सरकार पाकिस्तानचे लष्करशहा याह्या खान यांची पाठराखण करत होते. ढाक्यातले अमेरिकी वाणिज्यदूत आर्चर ब्लड यांनी एप्रिलमध्येच कत्तलीबद्दल तारेने निषेध कळवला, तर त्यांनाच तिथून हलवण्यात आले. सरकारे जे नाव घ्यायला कचरत होती, ते गायकांनी भर सभेत घेतले. नाव घेणे ही साधी गोष्ट नव्हे. बेनाव माणसाला फार तर भीक मिळते. ज्याचे नाव आपण घेतो, त्याचा हक्क मात्र मान्य करावा लागतो. दया देणाऱ्याच्या मर्जीवर असते, हक्क माणसाच्या जन्माबरोबरच येतो.

सतार-सरोदाचे वादन संपले आणि पुढच्या कलावंतांसाठी मंच लावला जात असताना पडद्यावर पूर्व बंगालमधील अत्याचारांची आणि हालअपेष्टांची चित्रफीत दाखवली गेली. बहुतेक श्रोते आवडत्या गायकांना पाहायला आले होते. त्यांना आधी ते चेहरे पाहावे लागले. करमणुकीच्या संध्याकाळी कुणाची उपासमार पडद्यावर दाखवावी का, हा प्रश्न खरा आहे आणि तो विचारलाच पाहिजे. मला वाटते, उत्तर त्या कार्यक्रमाच्या क्रमात आहे. वादनाआधी पंडितजींनी श्रोत्यांना लक्ष देऊन ऐकण्याची आणि धूम्रपान न करण्याची विनंती केली होती. मग वादन, मग चित्रफीत आणि त्यानंतर गाणी. म्हणजे श्रोत्यांच्याही तारा आधी जुळवून घेतल्या गेल्या. मन स्थिर झाल्यावर पाहिलेले दुःख तमाशा होत नाही.

पण जुळलेल्या तारा म्हणजे वादन नव्हे. छळाची चित्रफीत पाहून आपले डोळे भरून येतात, आपण ती चार जणांना पाठवतो आणि काहीतरी केल्याच्या समाधानाने झोपी जातो. हे सतार लावून झाल्यावर टाळ्या वाजवण्यासारखेच आहे. डोळे भरून येणे खोटे नसते, त्याची गरजही असते. पण तिथे आपण फक्त सुरात आलेलो असतो. वादन पुढेच असते.

ते किती चिवट काम असते, हेही या मैफलीनेच दाखवले. तिकिटांचे २,४३,४१८.५० डॉलर युनिसेफला देण्यात आले. पुढे निघालेल्या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर रिकाम्या थाळीसमोर बसलेले एक भुकेले मूल होते. या ध्वनिमुद्रिकेच्या आणि मैफलीवरील चित्रपटाच्या कमाईचा मोठा भाग मात्र अमेरिकी करखात्याच्या कचाट्यात कित्येक वर्षे अडकला, कारण धर्मादाय कामाची कागदोपत्री व्यवस्था आधी झालेली नव्हती. हेतूत खोट नव्हती. तरीही ज्या थाळीसाठी तो पैसा होता, तिला वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली. करुणेला चोख हिशेबाची वहीही लागते, आणि ती वही रुक्ष वाटली तरी नीतीचाच भाग असते.

इथे मला गाडगेबाबांची आठवण होते. गावात पाऊल ठेवताच ते खराटा हाती घेत. दिवसभर गाव झाडून काढत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. झाडण्यातूनच ते गावाला ऐकण्यासाठी तयार करत असावेत. कीर्तनातून लोकांनी दिलेल्या पैशातून पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभ्या राहिल्या, पण बाबांनी स्वतःसाठी त्यातली पै घेतली नाही. खराटा, कीर्तन आणि धर्मशाळेची वीट, हे सारे त्यांच्या लेखी एकच काम होते.

या आठवड्यात एखादे गाणे, एखादी चित्रफीत आपल्याला हलवून जाईल. तेव्हा टाळीसाठी उचललेला हात क्षणभर थांबवू या. कोणाचे दुःख आहे, त्याचे नाव माहीत करून घेऊ या. आपल्या गावात, आपल्या गल्लीत त्याच दुःखाचा माणूस राहतो का, ते पाहू या. तो सापडला तर उद्या सकाळी त्याच्या दाराशी जाऊ या.