घर कोणाचे, जमीन कोणाची?

दाभोळच्या धक्क्यावर उभे राहिले की वाशिष्ठीचे विस्तीर्ण पात्र सागराला मिळताना दिसते. एकेकाळी मुंबईची आगबोट या खाडीच्या तोंडाशी थांबत असे. गावचा तरुण वळकटी घेऊन पडावातून बोटीवर चढे, भाऊच्या धक्क्यावर उतरे आणि लालबाग-परळच्या एखाद्या चाळीत, गावकऱ्यांच्या सामाईक खोलीत पथारी टाकी. कोकणची घरे मनिऑर्डरीवर जगली आणि मुंबईच्या गिरण्या कोकणच्या मनगटावर चालल्या.

अशाच एका गिरणी कामगाराचे चिरंजीव काही महिन्यांपूर्वी मला भेटले. वडील साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर ते पुन्हा गिरणीत गेले नाहीत. पुष्कळ वर्षांनी आईच्या नावे सोडतीत मुंबईत एक घर लागले. आता ते विकावे, असे चिरंजीवांच्या मनात आहे. ते म्हणाले, “फादर, घर मुंबईत मिळाले, पण तिथे राहून खायचे काय? लोक म्हणतात, गरिबाला घर दिले की तो विकून मोकळा होतो. गिरणीमालकाने जमीन विकली तर तो विकास, आणि मी खोली विकली तर तो लोभ?”

त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. तेव्हापासून तो प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही, कारण तो एका खोलीचा नसून नगराच्या न्यायबुद्धीचा आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. मुंबईतील गिरण्यांची जमीन सुमारे सहाशे एकर. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने असे ठरवले की, गिरणीच्या जमिनीचा विकास करताना एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला मिळावा. २००१ मध्ये नियम बदलला. आता वाटणी सगळ्या जमिनीची नव्हे, तर ज्यावर बांधकाम नाही तेवढ्याच जमिनीची होणार होती. साहजिकच नगराचा आणि कामगारांचा वाटा आक्रसला. प्रकरण न्यायालयात गेले. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बदललेला नियम ग्राह्य धरला. २०१२ मध्ये म्हाडाने कामगारांच्या घरांची पहिली सोडत काढली, तेव्हा घरे काही हजार आणि अर्ज लाखाहून अधिक होते. वाटा म्हणून जे मिळायचे, ते नशीब म्हणून मिळाले.

आता जरा दूरचे उदाहरण घेतो. अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यात बर्लिंग्टन नावाचे एक लहान नगर आहे. १९८१ मध्ये तेथे बर्नी सँडर्स अवघ्या दहा मतांनी महापौर म्हणून निवडून आले. त्यांच्या कारभारात १९८३ साली वस्ती आणि अर्थविकास या दोहोंसाठी एकच कार्यालय स्थापन झाले. घर आणि रोजगार हे दोन प्रश्न नसून एकच आहे, ही त्यामागची जाण. स्थानिक मालकीच्या लहान उद्योगांना आधार देणे हे त्या कार्यालयाचे काम होते. १९८४ मध्ये नगराने दोन लाख डॉलर देऊन एक भूमिन्यास उभा केला. त्याची रीत साधी आहे. जमीन न्यासाची, घर कुटुंबाचे. कुटुंब दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने जमीन वापरते, घर मुलाबाळांना देऊ शकते. घर विकायचे झाल्यास घातलेले पैसे परत मिळतात आणि वाढलेल्या किमतीतील चौथा हिस्साही मिळतो. उरलेली वाढ घरातच राहते, म्हणून पुढच्या गरीब कुटुंबालाही ते परवडते. तो न्यास आज अधिक मोठ्या रूपात चालू आहे.

गंमत अशी की, या विचाराचे एक मूळ आपल्या कोकणात आहे. रायगड जिल्ह्यातील गागोदे गावी १८९५ मध्ये विनोबा भावे जन्मले. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे त्यांना पहिले भूदान मिळाले. पण त्यांना लवकरच कळून चुकले की, सुटा तुकडा गरिबाच्या हाती फार काळ टिकत नाही. अडचणीच्या वर्षी तो सावकाराकडे जातो. म्हणून भूदानातून ग्रामदान निघाले: मालकी गावाची, कसणारा शेतकरी. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या काही कार्यकर्त्यांनी या ग्रामदानाचा अभ्यास केला आणि १९६९ मध्ये जॉर्जिया राज्यात पहिला भूमिन्यास स्थापला. बर्लिंग्टन त्याच वाटेवरचे पुढचे गाव. गागोद्याचे बी तेथे रुजले. गागोद्यापासून फार दूर नसलेल्या मुंबईने मात्र जमीन बाजाराच्या हवाली केली.

ख्रिस्तसभेची शिकवण या बाबतीत संदिग्ध नाही. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ मध्ये खाजगी मालमत्तेचा हक्क मान्य केला, तो श्रमिकालाही मालक होता यावे म्हणून. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये स्पष्ट केले की, पृथ्वीवरील संपत्ती परमेश्वराने सर्व मानवांसाठी निर्माण केली आहे. खाजगी मालकीलाही सामाजिक बाजू आहे. १९८७ हे बेघरांसाठीचे आंतरराष्ट्रीय वर्ष होते. त्या वर्षाच्या अखेरीस रोमच्या न्याय व शांती आयोगाने निवाऱ्याच्या प्रश्नावर स्वतंत्र पत्रक काढले.

तरीही त्या गृहस्थांचा आक्षेप उरतोच. न्यासाच्या पद्धतीत गरिबाने नफा सोडायचा. मग त्यागाची अपेक्षा नेहमी त्याच्याकडूनच का?

उत्तर शोधताना मी लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायाकडे वळलो. भूमी परमेश्वराची आहे, म्हणून ती कायमची विकू नये आणि योबेल वर्षी मूळ कुटुंबाकडे परतावी, ही आज्ञा आपल्याला परिचित आहे. त्याच अध्यायातील पुढचा भाग मात्र आपण घाईने वाचतो. तटबंदीच्या नगरातील घर वर्षभरात सोडवले नाही, तर ते घेणाऱ्याचे कायमचे होई. नगराला शास्त्राने बाजाराची मुभा दिली! पण लगेच अपवाद येतो. लेव्यांची नगरातील घरे त्यांना केव्हाही सोडवून घेता येत आणि योबेल वर्षी ती परत मिळत. कारण त्यांना दुसरे वतन नव्हते. ते घर हेच त्यांचे वतन. आणि नगराभोवतीची त्यांची चराईची शिवारे तर विकताच येत नसत.

या अपवादात मला न्यायाचे तत्त्व दिसते. ज्याला अन्यत्र भूमी आहे, त्याच्यासाठी घर हा व्यवहार होऊ शकतो. ज्याला नाही, त्याचे घर बाजारापासून राखून ठेवले पाहिजे. आणि नुसते घर राखून भागत नाही, घराला लागून शिवारही हवे. शिवार म्हणजे आजच्या भाषेत रोजगार. घर दिले आणि शिवार दिले नाही, तर माणूस घर विकणारच. तो त्याचा लोभ नव्हे, ती त्याची भूक आहे.

नुसता रोजगाराचा गाजावाजाही पुरत नाही. दाभोळकरांनी तेही पाहिले आहे. खाडीपलीकडे परदेशी भांडवलाचा वीजप्रकल्प आला, १९९९ मध्ये सुरू झाला, २००१ मध्ये बंद पडला आणि त्याच वर्षअखेर मूळ कंपनी दिवाळखोरीत निघाली. पुढे सरकारी कंपन्यांना तो हाती घ्यावा लागला. ज्या विकासाचे निर्णय दूरवर होतात, त्याची मुळे मातीत जात नाहीत. जे काम लहान समुदाय करू शकतो ते मोठ्या सत्तेने हिरावू नये, असे पोप पायस अकरावे यांनी १९३१ मध्ये सांगितले, ते याचसाठी.

म्हणून त्या गृहस्थांना माझे उत्तर असे: तुमचा प्रश्न रास्त आहे. गिरणीमालकाला मोकळे सोडून केवळ तुम्हाला बांधणारा नियम अन्याय्य ठरेल. त्याग मागायचाच तर तो ज्याच्याकडे अधिक आहे त्याच्याकडून आधी मागावा. पण तुमच्या आईला लागलेली ती खोली केवळ सोडतीचे बक्षीस नाही. ती तुमच्या वडिलांच्या आणि त्यांच्याबरोबर संपात उद्ध्वस्त झालेल्यांच्या वाट्यातून आली आहे. ती बाजारात गेली, तर तेवढा वाटा कायमचा गेला. दोष तुमचा नाही. ती सांभाळणारा न्यास नगराने उभारलाच नाही. त्यांनी अद्याप निर्णय घेतलेला नाही, आणि त्यांनी घर विकले तरी मी त्यांना बोल लावणार नाही.

परंतु वाचकहो, आपले काय? १९१८ मध्ये वसईच्या कॅथॉलिकांनी सावकाराच्या पाशातून सुटण्यासाठी पै-पैसा एकत्र करून पतसंस्था उभारली. आज ती मोठी सहकारी बँक आहे. त्यांनी महापालिकेची वाट पाहिली नव्हती. आज आपल्यापैकी कित्येकांच्या वाड्या इमारतींखाली गेल्या आहेत आणि व्यवहार करताना शेजाऱ्याच्या मुलाला इथे घर परवडेल का, हे आपण विचारले नाही. ज्या नगराला आपण न्यायी व्हा म्हणतो, त्या नगराचे नागरिक आपणच. पुढच्या वेळी जमिनीचा कागद समोर आला, की सही करण्यापूर्वी घरात बसून एवढा एक प्रश्न एकमेकांना विचारावा.