कॉकपिटमधली पांढरी रेघ

मिग-२१ या लढाऊ विमानाच्या कॉकपिटमध्ये, वैमानिकाच्या समोरच्या पॅनेलवर, मधोमध एक उभी पांढरी रेघ रंगवलेली असे. मिग-१५पासून चालत आलेली ही रशियन पद्धत. विमान ताब्यातून सुटून गरगरत खाली येऊ लागले की आत बसलेल्याला डावे-उजवे कळेनासे होते, विचार करायला सवड उरत नाही. अशा वेळी हातातली नियंत्रणाची काठी त्या पांढऱ्या रेघेच्या रोखाने न्यायची, म्हणजे ती नेमकी मध्यावर येते. रेघेचे काम एवढेच. १:७२ प्रमाणाच्या प्रतिकृतीत ती केसाएवढी बारीक होते आणि वरचे पारदर्शक छत चिकटवले की जवळजवळ दिसेनाशीच होते.

सध्या रोज रात्री जेवणं आटोपली की टेबलावर दिवा ओढून मी मिग-२१च्या एफएल प्रकाराची प्रतिकृती जोडायला बसतो. घरातून प्रश्न येतो आणि तो रास्तही आहे : छत बंद झाल्यावर आत काय आहे हे कुणाला दिसणार? मग एवढे डोळे कशाला शिणवायचे? उत्तर मला त्या रेघेतच सापडले. बाहेरून बघणाऱ्याला ती दिसत नाही, हे खरेच. पण जो आत बसला होता, त्याला त्या काही सेकंदांत दुसरे काहीही बघायचे नव्हते.

१:७२ हे प्रमाण असेच कुणाच्या मनात आले म्हणून ठरलेले नाही. इंग्रजी मापात सहा फुटांचे बरोबर एक इंच होते, म्हणजे सहा फुटी माणूस इंचभर उंचीचा. १९३६मध्ये ब्रिटनमध्ये ‘फ्रॉग’ने ‘पेंग्विन’ या नावाने ह्या मापाचे प्लॅस्टिकचे संच बाजारात आणले. दुसऱ्या महायुद्धात तर याच मापाच्या प्रतिकृती दाखवून सैनिकांना आपले विमान कोणते आणि शत्रूचे कोणते हे ओळखायला शिकवत. मुलांचे खेळणे म्हणून ज्याच्याकडे आपण बघतो, त्याने एकेकाळी जाणत्या माणसांची नजर घडवली आहे. मिग-२१च्या पंखांचा विस्तार ७.१५ मीटर. माझ्या टेबलावर तो पुरता दहा सेंटिमीटरही भरत नाही. आणि त्यात बसणारा वैमानिक माझ्या अंगठ्याच्या पेरापेक्षा मोठा नाही.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ला हवाई दलाने निरोप दिला. १९६३मध्ये चंदीगडलाच, २८ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनपासून त्याची भारतातली कारकीर्द सुरू झाली होती. निरोपाच्या त्या दिवसांत जिकडेतिकडे दोनच बोल ऐकू येत होते. एक म्हणे, काय शान होती! दुसरा म्हणे, उडती शवपेटी ती, बरे झाले गेली. दोन्ही बोलांत खरेपणा आहे. आवाजाच्या दुप्पट वेगाने जाणारे हे आपले पहिले विमान आणि त्याच्या अपघातांत तरुण वैमानिक मोठ्या संख्येने गेले, हेही तितकेच खरे. पण हे दोन्ही बोल जमिनीवर उभे राहून काढलेले आहेत. आसनावर बसून समोर बघितले तर काय दिसते, हा विचार त्यांत नाही. प्रतिकृती करताना तो करावाच लागतो. कॉकपिटचा तो विशिष्ट निळसर-हिरवा रंग, खांद्यावरून येणारे पट्टे, डाव्या हाताखालचा थ्रॉटल, पुढ्यातली काच आणि तिची जाड चौकट. एकेक करत हे लावत गेले की कळते, किती अडचणीची जागा होती ती आणि तिथून बाहेरचे किती थोडे दिसत असे.

फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ अशाच एका कॉकपिटमध्ये होते. १७ सप्टेंबर २००१च्या रात्री राजस्थानातल्या सुरतगडहून त्यांचे मिग-२१ उडाले आणि काही क्षणांतच कोसळले. त्यांच्या आई कविता गाडगीळ यांनी पुढे या विमानांच्या सुरक्षिततेचा प्रश्न धसास लावला. अभिजितचे वडील कॅप्टन अनिल गाडगीळ आणि त्यांनी मिळून पुण्यात जीत एअरोस्पेस ही संस्था काढली, आणि तिथे वैमानिकांना सिम्युलेटरवर शिकवायची सोय केली. सिम्युलेटर म्हणजे तरी काय, जमिनीवर मांडलेले एक खोटे कॉकपिट. पण त्यातली प्रत्येक कळ आणि प्रत्येक काटा खऱ्याच्या जागी हवा, नाहीतर हाताला चुकीची सवय लागते. मुलगा गेल्यावर आई-वडिलांनी दुसऱ्यांच्या मुलांसाठी अशी जागा उभी करावी, याला केवढी छाती लागली असेल! माझ्या टेबलावरची वस्तू त्या कामाच्या पासंगालाही पुरत नाही. तरीही रेघ ओढताना कुंचला सुईच्या टोकाएवढा करून मी श्वास धरतो, तो या माणसांना आठवूनच.

आता पितळेकडे येतो, कारण भंडाऱ्यात बसून पितळेला टाळून पुढे जाता येत नाही.

आसनाचे पट्टे, त्यांची बकलं, छताच्या आतले आरसे असले नाजूक भाग प्लॅस्टिकच्या साच्यात निघत नाहीत. ते कागदासारख्या पातळ पितळी पत्र्यातून रसायनाने कोरून काढलेले असतात. चेक प्रजासत्ताकातली एडुआर्ड ही कंपनी अशा पत्र्यांसाठी जगभर ओळखली जाते. पाकिटातून तो पत्रा निघतो तेव्हा त्यात नखापेक्षा लहान असे कितीतरी तुकडे एका चौकटीत अडकवलेले दिसतात. पट्टा आसनावर नैसर्गिकपणे पडलेला दिसायला हवा, म्हणून तो वाकवावा लागतो. आणि कोरे पितळ वाकवायला गेले की ते ताठून उलटते.

आमच्या गावात एकेकाळी गल्लीगल्लीतून पितळ ठोकल्याचा आवाज यायचा. गुंड, गंगाळ, घागर, परात हे सगळे इथून लांब लांब जायचे. मग स्टील आले, प्लॅस्टिक आले आणि ठोके कमी होत गेले. अजून काम करणारे एक काका ओळखीचे आहेत. त्यांच्याकडे तो पत्रा नेला. त्यांनी तो चिमट्याने उचलला, उजेडाला धरला आणि बराच वेळ बघत राहिले. आयुष्यभर मोठी भांडी घडवलेल्या त्या हातांत तो तुकडा दिसतही नव्हता. मग म्हणाले, ‘‘पहिले ताव द्या लागते जी. तसंच वाकवसान तं तडकन.’’

ताव देणे म्हणजे पितळ तापवून नरम करणे. ठोकून ठोकून पितळ कडक होते, मग ते भट्टीत लाल करायचे, निवू द्यायचे आणि पुन्हा ठोकायला घ्यायचे. घागरीचे पोट असेच टप्प्याटप्प्याने घडते. जगभरचे प्रतिकृतीकार मेणबत्तीच्या ज्योतीवर हे पातळ पत्रे क्षणभर धरतात ते नेमके याचसाठी. काकांनी माझ्यासमोर एक पट्टा ज्योतीवर फिरवला. पिवळा रंग आधी जांभळट झाला, मग मंद पडला. निवल्यावर तो पट्टा बोटाच्या नुसत्या स्पर्शाने आसनावर बसला, खांद्यावरून सुटून मांडीवर पडलेला. चेक प्रजासत्ताकातला पत्रा, रशियन आराखड्याचे विमान आणि त्याला बसवणारी अक्कल भंडाऱ्याच्या भट्टीवरची. मला या गोष्टीचा फार आनंद झाला, आणि तो लपवावा असे वाटत नाही.

पिटो नळीही त्यांच्याचकडच्या पितळी तारेची केली. नाकावरचा हा लांब दांडा हवेचा दाब मोजतो, त्यावरून वेग कळतो. प्लॅस्टिकचा दांडा जाड दिसतो आणि हात लागताच मोडतो. शिवाय त्याची जागा बघूनच विमानाचा प्रकार ओळखता येतो. अगदी सुरुवातीच्या मिगला तो नाकाच्या खाली होता, एफएलला वर मधोमध आला आणि नंतरच्या एम व बिस प्रकारांत वरच, पण उजवीकडे सरकला. तार कानशीने निमुळती करायची, मग पाण्यातला पॉलिश पेपर फिरवायचा. टोक इतके बारीक होते की शेवटी डोळ्यांपेक्षा बोटांवरच भरवसा ठेवावा लागतो.

मी जोडतो आहे ते विमान १९७१च्या डिसेंबरातले. तेव्हा एफएल मिग मुळात चकाकत्या धातूचे होते. युद्धाच्या काळात तळातळावर हाताशी होते त्या हिरव्या-तपकिरी रंगांनी ते झाकले गेले, त्यामुळे एकासारखे दुसरे नाही. पंखांखाली रॉकेटचे दोन पॉड आहेत, प्रत्येकात १६ नळ्या, ५७ मिलिमीटरच्या रॉकेटसाठी. माझ्या मापात नळीचे तोंड एक मिलिमीटरही नाही. अशी १६ भोकं एका गोल टिकलीवर पाडायची, पुन्हा दुसरीवर तेवढीच. गिरमीट बोटांत फिरवताना १४ डिसेंबर १९७१ डोळ्यासमोर येतो. २८ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनचे विंग कमांडर बी. के. बिश्नोई चार मिग घेऊन गुवाहाटीहून ढाक्याला गेले. गव्हर्नर हाउसमध्ये बैठक चालू असल्याची खबर होती आणि इमारत कुठे आहे हे दाखवायला त्यांच्याकडे पर्यटकांसाठी छापलेला नकाशा होता. त्याच दिवशी पूर्व पाकिस्तानचे गव्हर्नर ए. एम. मलिक यांनी राजीनामा दिला. दोन दिवसांनी ढाक्यात शरणागती झाली. ही हकिकत अनेकदा वाचली होती. पण एकेक भोक पाडताना पहिल्यांदा मनात आले की प्रत्येक नळीत कुणीतरी हाताने रॉकेट भरले होते, बसले की नाही ते पुन्हा चाचपले होते, आणि मग मागे सरून वैमानिकाला अंगठा दाखवला होता. त्या माणसांची नावे हकिकतीत येत नाहीत.

महाराष्ट्राचा तर या विमानाशी थेट घरोबा आहे. १९६२च्या युद्धानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, पुढे नाशिकमधून लोकसभेवर गेले, आणि मिगचा कारखाना नाशिकजवळ ओझरला आला. १९६४मध्ये तो हिंदुस्तान एअरोनॉटिक्सचा भाग झाला. एफएल, एम आणि बिस हे तिन्ही प्रकार तिथे तयार झाले, पाचशेहून जास्त विमाने. ओझरच्या वसाहतीत मिग हे घरातल्या माणसाचे नाव असावे तसे उच्चारले जाते. आणि त्याच १९६४ साली, त्याच युद्धाच्या धक्क्यातून, आमच्याकडे जवाहरनगरची आयुध निर्माणी सुरू झाली. तिथे दारूगोळ्याची प्रणोदके आणि स्फोटके होतात. विमान नाशिकचे, दारू भंडाऱ्याची, हवाई दलाच्या देखभाल कमांडचे मुख्यालय साठ किलोमीटरवर नागपुरात. २४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगरच्या निर्माणीत स्फोट होऊन किमान आठ कामगार गेले. धोक्याच्या आसनावर फक्त वैमानिकच बसतो असे नाही, हे आमच्या जिल्ह्याला वेगळे सांगावे लागत नाही.

विमानामागची ही सगळी माणसे दिसावीत म्हणून मला वाटते, मुलांनी प्रतिकृतीचे हे काम करून बघावे. एनसीसीच्या हवाई शाखेत विमानांच्या प्रतिकृती करणे शिकवतात, पण शाळेच्या प्रदर्शनांत बहुतेक वेळा थर्माकोलचे रॉकेट येते आणि बक्षीस घेऊन जाते. त्याऐवजी एक मूल एकच विमान घेऊन बसले, त्याचा क्रमांक शोधला, ते कोणत्या तळावर होते, त्यावर कोणता रंग होता, ते कोणी दुरुस्त केले हे विचारत गेले, तर त्याला इतिहासाच्या पुस्तकातले एक पान आतून कळेल. शेजारच्या गोंदियात बिरशीची धावपट्टी आहे, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधलेली. १९९९पर्यंत ती आमच्याच भंडारा जिल्ह्यात होती. आता तिथे वैमानिक तयार होतात. आमच्या पोरांना विमान दुरून बघायची सवय आहे, त्याच्या आत काय असते हे विचारायची सवय लावायला हवी.

माझ्या मिगवर हवाई दलाची वर्तुळे लावून झाली : बाहेर केशरी, मग पांढरे, मध्यभागी हिरवे. पाण्यात भिजवलेले डीकल बोटाने सरकवून, ओल्या फडक्याने दाबून बसवले. पट्टेही जागेवर आहेत. छत चिकटवण्याआधी काकांना आत डोकावायला बोलावले आहे. रविवारी येतो म्हणालेत, भिंग आणायला सांगितले आहे. तोवर चाकांचे काम. रशियन विमानांच्या चाकांच्या मधला भाग झगझगीत हिरवा असतो, आणि तो हिरवा तयार डबीत मिळाला नाही. पोपटी आणि थोडा निळा मिसळून टाकाऊ प्लॅस्टिकवर पट्टे ओढून ठेवले आहेत. उद्या दिवसाच्या उजेडात बघेन आणि त्यातला एक निवडेन.