पाहुण्याचं घड्याळ

आमच्या बँकेच्या मोठ्या संगणकाच्या पोटात एक पाहुणा राहतो. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. यजमानाने त्याला तासभर गोठवलं, की जागा झाल्यावर हा जुनीच वेळ सांगतो, तीही छातीठोकपणे! गेस्ट टूल्स नावाचा मदतनीस त्याच्या कानात यजमानाची वेळ सांगतो; तो रुसला की बोंबला कारभार.

याला खोटारडा म्हणावं का? देशाची वेळ १९०६ सालीच आली, तरी मुंबई महापालिकेने ३९ मिनिटं मागची 'मुंबई वेळ' पुढे अनेक वर्षं सांभाळली. मानखुर्दच्या सूर्याला विचाराल, तर अजूनही जवळजवळ तीच खरी! लोकल मात्र सूर्याला विचारत नाही.

पुढे पळालेलं घड्याळ आमचा तंत्रज्ञ एकदम मागे ओढत नाही. नाहीतर दहा पाच दोनदा वाजतील आणि नोंदींचा क्रम बिघडेल. तो त्याची चाल मंद करतो. म्हणजे काही काळ जाणूनबुजून खोटी वेळ चालू देतो. माझ्या लेजरी जिवाला हे बोचतं. पण सासूबाईंची चूक मीही घरी अशीच दुरुस्त करतो.